कासवासाठी रानपाला खुडताना

आमची ठमी हरमन जातीची, म्हणजे मूळची भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या उतारांवरची. तिला काकडी-लेट्यूस नको. भरपूर चोथा आणि कॅल्शियम असलेला पाला हवा. इथे इंग्लंडमध्ये वसंत लागला की तो कुंपणाकडेला आपसूक उगवतो. फक्त प्रत्येक झाड त्याच्या तोतयासकट ओळखायला शिका.

सुरुवात डँडेलियनपासून. पानं जमिनीलगत पसरलेली, दाते देठाकडे वळलेले. फुलाचा दांडा पोकळ, त्याला फाटा नाही, वर एकच पिवळं फूल. मोडला की पांढरा चीक येतो, पण नुसत्या चिकावर कधीच विसंबू नका. स्पर्ज नावाच्या तणालाही असाच चीक असतो आणि ते विषारी, आपल्याकडच्या शेराच्या कुळातलं. त्याची फुलं हिरवट, बारीक. त्याचा चीक डोळ्यांना लागू देऊ नका.

प्लँटेन हा इसबगोलाचा भाऊबंद. पानाच्या शिरा देठापासून टोकापर्यंत एकमेकींना समांतर जातात. रुंद पानाचा देठ हळूच ओढून तोडला तर त्या धाग्यांसारख्या लोंबतात. याचा तोतया म्हणजे फॉक्सग्लव हे विषारी झाड. त्याला पहिल्या वर्षी फूल येत नाही, नुसता पानांचा झुपका असतो. पण पान लवदार आणि शिरांचं जाळं. त्याचं विष थेट हृदयावर जातं.

मला सगळ्यात आवडतं चिकवीड. खोड उजेडाकडे धरा: एकाच बाजूला केसांची बारीक रांग दिसते आणि प्रत्येक पेरापाशी ती बाजू बदलते. फुलं पांढरी. तशाच दिसणाऱ्या स्कार्लेट पिंपर्नेलचं खोड चौकोनी, पानाखाली काळे ठिपके. ते विषारी.

ओळख पटत नसेल तर फूल येईपर्यंत थांबा. कुत्री फिरवायच्या वाटा, रस्त्याच्या कडा आणि फवारलेली हिरवळ सोडा. रोज एकच पाला नको, तीन-चार प्रकार मिसळा.

भारतातल्या मित्रमंडळींनी विचारलं तर सांगते: स्टार कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कुणाकडे असेल तर आधी वनविभागाला कळवा.