‘तो थांबेलच’ यातला ‘च’ काढून टाका: गाडी चालवताना या चुका टाळा

मुख्य रस्त्यावरून येणाऱ्या गाडीचा इंडिकेटर लुकलुकत होता. मी बाजूच्या रस्त्याच्या तोंडाशी थांबलो होतो. ती गाडी माझ्याच रस्त्यात वळणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. क्लच सोडला, गाडी निम्मी बाहेर काढली, आणि ती गाडी वळलीच नाही. सरळ आली. मागच्या वळणावर लावलेला इंडिकेटर बंद करायचा त्या चालकाकडून राहून गेला होता. दोघांनीही करकचून ब्रेक दाबले म्हणून माझं बॉनेट आणि त्याचं दार यांच्यात हातभर अंतर उरलं.

घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो. चूक त्याची होती, यात वाद नाही. पण रात्री पुन्हा तो प्रसंग डोळ्यांसमोर आला तेव्हा निघण्याआधी मी स्वतःशी म्हटलेलं वाक्य आठवलं: ‘हा वळणारच.’ इंडिकेटरने मला फक्त ‘हा वळेल’ एवढंच सांगितलं होतं. त्यातला ‘च’ मी जोडला होता.

तेव्हापासून गाडी चालवताना मी हा ‘च’ शोधत असतो. तो थांबेलच. तिने मला पाहिलंच असेल. इथून कोणी येणारच नाही. दुसऱ्यांच्या चुकांमुळे होणारे अपघात पाहिले तर त्या चुकांच्या समोर बहुतेक वेळा कोणाचा तरी असा ‘च’ उभा असतो. दुसऱ्याची चूक आपल्या हातात नाही. हा ‘च’ मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

इंडिकेटरवर भरवसा ठेवणं

लागलेला इंडिकेटर म्हणजे दिवा लागला आहे, इतकंच. वळण्याचा खरा पुरावा दोन ठिकाणी दिसतो: गाडीचा वेग उतरू लागतो आणि पुढची चाकं फिरू लागतात. हे दोन्ही दिसेपर्यंत बाहेर पडू नका. मागचा ताटकळतो, हॉर्न वाजवतो, वाजवू द्या.

चाकांकडे बघण्याची सवय फार उपयोगी पडते. उभी असलेली गाडी हलू लागली हे तिच्या पत्र्याकडे पाहून उशिरा कळतं, कारण सुरुवातीला ती बोटभरच सरकते. तेवढ्यात चाक मात्र फिरलेलं स्पष्ट दिसतं. रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना एखाद्या गाडीची पुढची चाकं रस्त्याकडे वळलेली असतील, मागचे दिवे लागलेले असतील किंवा आत माणसाचं डोकं दिसत असेल, तर ती गाडी निघणार किंवा तिचं दार उघडणार असं धरूनच चाला. दार पूर्ण उघडलं तरी लागणार नाही इतकं अंतर ठेवा. अंतर ठेवायला जागा नसेल तर वेग कमी करा.

इंडिकेटर न देता वळणारे तर आहेतच. त्यांचं शरीर आणि गाडी बोलते. लेनच्या एका कडेला हळूहळू सरकणारी गाडी, चौकाच्या अलीकडे कारण नसताना मंदावणारी गाडी, आरशात बघण्यासाठी हललेलं डोकं. शेजारची लेन भराभर पुढे सरकत असेल आणि आपली तुंबली असेल, तर आपल्या पुढची एखादी गाडी त्या लेनमध्ये घुसणार हे ती घुसण्याआधीच सांगता येतं.

‘त्याने मला पाहिलंच असेल’

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही, म्हणून इथे थोडं थांबतो.

समोरचा चालक आपल्याकडे तोंड करून बघतो, नजर जुळल्यासारखी वाटते, आणि तरीही तो आपल्या वाटेत येतो. नंतर म्हणतो, ‘दिसलाच नाहीस.’ आपल्याला ते खोटं वाटतं. पुष्कळदा ते खरं असतं. आपले डोळे रस्त्यावरून सलग फिरत नाहीत. एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारतात, आणि उडी चालू असताना मेंदू डोळ्यांकडून आलेलं दृश्य जवळजवळ बाजूला ठेवतो. मधली पोकळी तो स्वतःच भरून काढतो, त्यामुळे आपल्याला काही सुटल्याची जाणीवही होत नाही. चौकात घाईने डावी-उजवीकडे मान फिरवणाऱ्या माणसाच्या अशा दोन उड्यांच्या मध्ये एक अख्खी दुचाकी हरवू शकते.

त्यात समोरच्या काचेच्या दोन्ही कडांचे खांब आडवे येतात. गाडी उलटली तरी छप्पर चेपू नये म्हणून नव्या गाड्यांत हे खांब जाड केलेले असतात. थोड्या अंतरावरची दुचाकी किंवा चालणारा माणूस त्यामागे सहज झाकला जातो. आणि तुम्ही व तो एकाच वेळी पोचाल अशा वेगाने एकाच ठिकाणाकडे येत असाल, तर तो खांबामागेच राहतो, शेवटपर्यंत. जहाजांच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम झाले त्यांत हेच तत्त्व आहे: जवळ येणाऱ्या जहाजाची दिशा आपल्या दृष्टीने बदलत नसेल तर टकरीचा धोका आहे असं समजायचं. रस्त्यावरही तसंच. आपल्या काचेवर एकाच जागी खिळून राहिलेली, न सरकता फक्त मोठी होत जाणारी गाडी धोक्याची असते.

दुचाकीस्वारांसाठी आणखी एक गोष्ट. लहान वस्तू मोठ्या वस्तूपेक्षा लांब आणि हळू येते आहे असं डोळ्यांना वाटतं. म्हणजे समोरच्याने दुचाकी पाहिली तरी तिला पोचायला किती वेळ लागेल याचा अंदाज त्याचा चुकू शकतो. त्याने पाहिलं, तरी तो निघाला, हे यातून होतं.

मग करायचं काय? आपण बघणारे असू तेव्हा चौकात मान हळू फिरवायची, मध्ये दोन-तीन ठिकाणी नजर क्षणभर टेकवायची, आणि दोन्ही बाजू दुसऱ्यांदा बघायच्या. खांबामागचं दिसावं म्हणून खांदे पुढे-मागे हलवायचे. दिसणारे आपण असू तेव्हा नजर जुळली यावर विसंबायचं नाही. त्याचं चाक बघायचं. लेनमध्ये थोडं आडवं सरकलं तरी आपण डोळ्यांत भरतो, कारण सरळ समोर येणाऱ्या वस्तूपेक्षा आडवी हलणारी वस्तू पटकन लक्षात येते. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकच्या वर, न दाबता, तयार ठेवायचा. पाय तिकडे नेण्यात जाणारा वेळ वाचला, तर ताशी ६० किलोमीटरच्या वेगात पाव सेकंदालाही चार मीटर पडतात. झेब्रा क्रॉसिंगवर चार मीटर म्हणजे माणूस वाचला.

ट्रक आणि बसच्या बाबतीत नियम सोपा आहे. त्यांच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. त्यांच्या बाजूला रेंगाळू नका. एक तर पुढे जा, नाहीतर मागे राहा. आणि लांब ट्रक वळण्याआधी उलट्या बाजूला सरकला तर ती आपल्यासाठी सोडलेली वाट समजून आत घुसू नका. वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून त्याला ती जागा लागते. तिथे शिरलेली दुचाकी भिंत आणि चाक यांच्यामध्ये सापडते.

अंतर मीटरमध्ये मोजणं

‘दोन गाड्यांचं अंतर ठेवा’ हे वेगाशी न जोडलेलं वाक्य आहे, म्हणून ते निरुपयोगी आहे. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, १०० ला सुमारे २८. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एक-दीड सेकंद निघून जातो. त्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं: वेग दुप्पट, अंतर चौपट.

म्हणून सेकंद मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला लागा आणि तुम्ही त्याच खांबापाशी किती वेळाने पोचता ते बघा. कोरड्या रस्त्यावर दोन सेकंद हा किमान हिशेब, तीन असले तर चांगलं. पावसात हे अंतर दुप्पट करा.

यावर नेहमीची तक्रार अशी, की अंतर ठेवलं की त्यात कोणीतरी घुसतं. घुसतं, खरं आहे. पाय थोडा उचला, पुन्हा अंतर तयार करा. प्रवासभर दहा जण असे घुसले तरी प्रत्येकामागे दोन-तीन सेकंदच जातात, सगळे मिळून फार तर अर्धा मिनिट.

दुसरी तक्रार जास्त अवघड आहे: मागचा अगदी चिकटून येतो. इथे बहुतेक जण एक तर वेग वाढवतात किंवा त्याला धडा शिकवायला ब्रेक मारतात. दोन्ही चूक, आणि दुसरी तर गुन्ह्याच्या जवळ जाणारी. मागच्याकडे अंतर नाही, म्हणजे त्याचं अंतरही आता तुम्हालाच राखायचं आहे. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा लांब राहा, म्हणजे पुढे काही झालं तर तुम्हाला सावकाश ब्रेक दाबता येईल आणि त्याला थांबायला वेळ मिळेल. संधी मिळताच त्याला साइड द्या.

हिरवा दिवा आणि दुसऱ्याचा हात

सिग्नल हिरवा झाला की पहिल्या रांगेत असाल तर एक सेकंद थांबा, दोन्हीकडे बघा, मग निघा. लाल झाल्यावरही दामटून काढणारा त्याच एका सेकंदात चौकातून जातो.

समोरचा चालक थांबून हाताने ‘या, या’ करतो, तेव्हा तो चांगल्या मनाने करतो. पण तो फक्त स्वतःच्या लेनबद्दल सांगू शकतो. त्याच्या शेजारच्या लेनमधून येणाऱ्याला तुम्ही दिसत नसता आणि तो तुम्हाला. झेब्रा क्रॉसिंगवर असे अपघात फार होतात: एक गाडी थांबते, माणूस रस्ता ओलांडायला लागतो, आणि शेजारच्या लेनमधली गाडी न थांबता येते. म्हणून शेजारची गाडी कारण न दिसता थांबली असेल तर तिच्यापुढे कोणीतरी आहे असं धरून तुम्हीही थांबा. तिला ओलांडून जाऊ नका.

फक्त पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघणं

हॅरोल्ड स्मिथ यांनी १९५२ साली अमेरिकेत चालकांसाठी पाच सूत्रं मांडली. आजही व्यावसायिक चालकांना ती शिकवतात. त्यातलं पहिलं: नजर लांब ठेवा. आणखी एक मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: स्वतःसाठी सुटायची वाट मोकळी ठेवा.

पुढच्या गाडीच्या काचांमधून त्याच्या पुढच्याचे दिवे बघा. मागच्या काचेजवळ उंचावर असणारा तिसरा ब्रेकलाइट नेमका याच्यासाठी उपयोगी पडतो. अमेरिकेत तो १९८६पासूनच्या नव्या मोटारींना सक्तीचा झाला. पुढे मोठा ट्रक असेल आणि पलीकडचं काहीच दिसत नसेल, तर मागे सरकणं हा एकच उपाय. जवळ गेल्याने जास्त दिसत नाही, कमी दिसतं.

सुटायची वाट म्हणजे दोन्ही बाजूंना गाड्या असताना सलग न चालणं. थोडं पुढे किंवा मागे सरकलं की एक बाजू मोकळी होते. सिग्नलला थांबतानाही हेच: पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील इतक्या अंतरावर थांबा, आणि मागची गाडी थांबल्याचं आरशात दिसेपर्यंत नजर तिथून काढू नका.

समोरची वाहतूक ओलांडून वळायला थांबला असाल तर चाकं आधीच वळवून ठेवू नका. फार जण ठेवतात. मागून कोणी धडकलं तर वळलेली चाकं तुम्हाला थेट समोरून येणाऱ्या गाड्यांपुढे नेऊन टाकतात. सरळ चाकांवर तुम्ही आपल्याच लेनमध्ये पुढे ढकलले जाता.

आणि तरीही कोणी आडवा आलाच तर

ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबूनच ठेवा. एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत पायाखाली थरथर जाणवते, कर्र आवाज येतो. घाबरून पाय उचलू नका. चाकं लॉक होत नसल्यामुळे गाडी तशीही वळवता येते. नजर मात्र अडथळ्यावर खिळवू नका, मोकळ्या जागेवर ठेवा. हात नजरेमागे जातात, मग झाडाकडे बघणारा झाडावरच जातो. मोकळी जागा आधीपासून माहीत नसेल तर त्या क्षणी झटक्यात गाडी दुसऱ्या लेनमध्ये घालण्यापेक्षा सरळ रेषेत ब्रेक लावणं बरं.

सराव करायचा असेल तर ओळखीच्या रस्त्यावर दहा मिनिटं जे दिसतं ते मोठ्याने बोलत गाडी चालवा. काही देशांत पोलिसांच्या गाड्या चालवणाऱ्यांना असंच शिकवतात. ‘पांढरी गाडी, आत माणूस, दार उघडू शकतं. बसमागून कोणी येऊ शकतं. दुचाकी आरशात होती, आता नाही, कुठे आहे?’ पहिल्या दिवशी दोन मिनिटांतच शब्द संपतात. आठवड्याभराने शब्द पुरत नाहीत, आणि पाय ब्रेकवर कधी गेला हे तुम्हाला बोलता बोलता कळतं.