वर्ग संध्याकाळचा, वेळापत्रक समुद्राचं: कोकणात निसर्ग शिकायची पद्धत

कोकणात निसर्गाभ्यासाचा वर्ग सुरू करायचा तर सगळ्यात आधी कॅलेंडर लागतं, आणि तेही तिथी छापलेलं. 'दर बुधवारी वर्ग, दर रविवारी सहल' असं सरसकट ठरवलं की निम्मे रविवार फुकट जातात. मंडळी सकाळी आठला खडकाळ किनाऱ्यावर पोचतात आणि खडक छातीभर पाण्याखाली असतात. म्हणून आधी भरती-ओहोटी बघा, तिच्यावरून सहलीची तारीख ठरवा आणि त्या तारखेच्या आधीच्या दोन-तीन दिवसांतली एक संध्याकाळ वर्गाला द्या.

भरतीचा जुना हिशेब किनाऱ्यावर अजून चालतो. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून नव्याने. द्वितीयेला दीड, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते आणि सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, दोन भरत्यांच्या मधोमध, सहा-सव्वासहा तासांवर. म्हणजे द्वितीयेला सकाळी साडेसात-पावणेआठला पाणी तळाला असतं आणि चतुर्दशीला दुपारी पावणेपाचच्या सुमाराला. पहिली वेळ रविवारच्या सहलीला सोयीची, दुसरी कामावरून लवकर सुटणाऱ्यांना.

हा हिशेब अंदाजाचा आहे. जागेनुसार पाऊण तासापर्यंत चूक होते, आणि खाडीत आत जावं तशी भरती मुखापेक्षा उशिरा पोचते. तेव्हा तारीख सूत्राने ठरवा, पण वेळ जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करा. तक्त्यात वेळेच्या शेजारी मीटर छापलेले असतात, तेही वाचा. एकाच दिवसातल्या दोन सुकत्या सारख्या उतरत नाहीत. खडक बघायचे तर ०.५ मीटर किंवा त्याहून कमी आकडा हवा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही, म्हणून किनाऱ्याची सहल त्या दिवसांत ठेवूच नये.

वर्गाला हायस्कूलची एखादी खोली किंवा वाचनालयाचा हॉल पुरतो. वेळ साडेसहा ते आठ. त्याहून लांबवलं तर शेवटची एसटी चुकते, आणि एसटी चुकलेला माणूस पुढच्या आठवड्यात सहसा येत नाही. संख्या १५ च्या वर नेऊ नका. खडकातल्या एका डबक्याभोवती सहाजणच नीट वाकून बघू शकतात, त्यामुळे १५ जणांमागे दोन जाणकार लागतातच. दीड तासातली पहिली २० मिनिटं मागच्या सहलीच्या वह्या वाचायला, ४० मिनिटं नव्या विषयाला आणि उरलेली ३० हातात वस्तू घेऊन बघायला. बहुतेक वर्ग ही शेवटची ३० मिनिटं स्लाइड्समध्ये घालवतात. पडद्यावर दोन फूट मोठा दिसलेला खेकडा प्रत्यक्षात दोन सेंटीमीटरचा निघाला की शिकणारा त्याच्यावर पाय ठेवून पुढे जातो.

ज्यांना पायाभरणी पद्धतशीर हवी त्यांच्यासाठी मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आहे. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था पक्षीशास्त्रासारखे अभ्यासक्रम घेते. पण त्याची वाट बघत तालुक्यातला वर्ग अडवून ठेवायची गरज नाही.

सामान थोडंच लागतं. दहापट भिंग, दोऱ्याने गळ्यात अडकवलेलं. ते डोळ्याला जवळजवळ टेकवून धरायचं आणि वस्तू भिंगाकडे आणायची, अडीच सेंटीमीटरवर ती स्पष्ट होते. नवखा माणूस हात लांब करून भिंग वस्तूवर धरतो आणि 'काहीच दिसत नाही' म्हणतो. दुर्बीण ८ × ४२ घ्या. १० × ५० हातात हलते आणि दोन तासांनी मान धरते. पावसाळ्यात दुर्बीण कपाटात ठेवली तर काचेच्या आत बुरशी धरते आणि ती घरी निघत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद तव्यावर भाजून पुन्हा वापरा. याशिवाय पांढरा उथळ ट्रे, ३० सेंटीमीटरची पट्टी, जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. पेनाची शाई खाऱ्या पाण्याने पसरते.

वहीत नाव सगळ्यात शेवटी लिहायचं, हा नियम पहिल्याच संध्याकाळी घालून द्या. वर तारीख, तिथी, वेळ, जागा, पाण्याची स्थिती आणि आभाळ. मग आकार मिलिमीटरमध्ये, रंग, कशावर बसलंय, काय करतंय, आजूबाजूला काय आहे. मग चित्र. चित्र वाईट आलं तरी चालेल, पायांची संख्या बरोबर हवी. आणि मग नाव, तेही आधी स्थानिक. निवटी, खुबे, कालवं, चिंबोरी ही नावं खाडीवरच्या बाईकडून ऐकलीत तर ती त्याच स्पेलिंगात टिपा आणि गावाचं नाव शेजारी लिहा, कारण चार मैलांवर तेच नाव दुसऱ्याच प्राण्याला असतं. नाव आधी लिहिलं की निरीक्षण तिथेच थांबतं. मोबाइलचा फोटोही तेच करतो: काढला, संपलं. आयनॅचरलिस्टसारखी अॅप उपयोगी आहेत, पण ती सुचवतील ते नाव पेन्सिलीने प्रश्नचिन्हासह लिहा, आपल्याकडे न सापडणाऱ्या परदेशी जाती ती सर्रास पुढे करतात. झाडाचे फोटो तीन हवेत: पूर्ण झाड, पानाची खालची बाजू, फूल बाजूने.

आता खडकाळ किनारा. सुरुवात इथूनच करावी, कारण इथे प्राणी उडून जात नाहीत आणि पट्टे उघड दिसतात. आधीच्या वर्गात एक चौकट बनवून घ्या. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे ५० सेंटीमीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो. पाइपला भोकं पाडा, नाहीतर ती डबक्यात तरंगते. दर १० सेंटीमीटरवर नायलॉनची दोरी उभी-आडवी बांधली की २५ चौकोन होतात, एक चौकोन म्हणजे ४ टक्के. सोबत दर मीटरला गाठ मारलेली २० मीटरची दोरी.

सुकतीच्या दीड तास आधी पोचा आणि उतरत्या पाण्याच्या मागे मागे खाली जा. दोरी भरतीच्या रेषेपासून पाण्याकडे सरळ ताणा आणि दर दोन मीटरवर चौकट टाकून मोजा. वरच्या कोरड्या खडकात ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी, खाली बार्नेकलचा खरखरीत पांढरा पट्टा, त्याखाली कालवं, आणि अगदी तळाला शेवाळ, समुद्रफुलं, स्पंज. प्राण्यांची वरची हद्द मुख्यतः ऊन आणि कोरडं पडण्याचे तास ठरवतात, खालची हद्द बरेचदा शत्रू आणि जागेची चढाओढ. हे वाक्य वर्गात पाठ करून काही होत नाही. दहा चौकटींचे आकडे फळ्यावर मांडले की लोक स्वतःच बोलून दाखवतात. चौकट 'जिथे छान दिसतंय तिथे' टाकायचा मोह मात्र आवरावा लागतो, सगळे आकडे तिथेच बिघडतात.

दगड उलटायचा तर पलीकडची कड आपल्याकडे उचला, म्हणजे आत जे असेल त्याच्या आणि तुमच्यामध्ये दगड राहतो. बघून झालं की तो होता तसाच परत ठेवा. उलटा राहिलेला दगड म्हणजे खालच्या बाजूचं सगळं उन्हात मेलं. नक्षीदार, शंकूच्या आकाराचा जिवंत शंख हाताने उचलू नका, कोन शंखाचा दंश विषारी असतो. वाळूच्या उथळ पाण्यात पाय घासत चाला, म्हणजे पुरलेलं पाकट आधीच सरकतं. प्रवाळ आणि समुद्रकाकडी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत, त्यामुळे 'नमुना' म्हणून घरी काहीच न नेणं हेच सोपं. पाणी फिरलं की निघायचं, 'अजून पाच मिनिटं' नाही. मधल्या दोन तासांत ते सगळ्यात वेगाने चढतं आणि मागची घळ आधी भरते.

खाडीसाठी निराळी तयारी. आधीच्या संध्याकाळी गळून पडलेली पानं आणि फळं ट्रेमध्ये ठेवा, पण ओळख मुळांवरून शिकवा. चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी बारीक श्वसनमुळं तिवराची, जाड निमुळते खुंट चिप्पीचे, खोडापासून कमानीसारखे टेकू दिलेले तो कांदळ. तिवराचं पान जिभेला लावून बघा, खारट लागतं. झाड जादा मीठ पानातून बाहेर टाकतं. कांदळाची बी झाडावरच रुजते आणि लांबट शेंगेसारखी लोंबते. पांढरी चिप्पी हे २०२० पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष आहे. 'पान चाखून बघा' सांगण्याआधी हुरा हे विषारी चिकाचं झाड मात्र ओळखायला शिकवाच. पान तोडल्यावर पांढरा चीक आला की हात लांब ठेवा, तो डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. पायात गमबूट नकोत, चिखल ते ओढून घेतो आणि पाय मोकळा बाहेर येतो. नाडी घट्ट बांधलेले जुने कॅनव्हासचे बूट बरे. अनवाणी तर मुळीच नको, कालवांची धार ब्लेडसारखी असते.

पक्ष्यांचं गणित किनाऱ्याच्या उलट. सुकतीला चिखलपक्षी दूरवर पांगतात आणि दुर्बिणीतही ठिपके दिसतात. भरतीने चिखल झाकला की ते काठावर दाटीवाटीने गोळा होतात. म्हणून ऑक्टोबर ते मार्चमध्ये द्वादशी-त्रयोदशी पकडा: भरती नऊ-पावणेदहाला, ऊन अजून तिरपं. पाठीशी सूर्य घेऊन उभे राहा. पहिल्या दोन सहलींत दहाच पक्षी पुरेत, पण त्यांची चोच, पाय आणि चालण्याची ढब लिहून.

जूनपासून समुद्र बंद, तेव्हा वर्ग सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर न्या. कातळावरची माती काही ठिकाणी बोटभर, आणि नत्राची गरीब. म्हणूनच इथे कीटक खाणाऱ्या वनस्पती फोफावतात. पहिल्या पावसाबरोबर दीपकाडीची पांढरी फुलं येतात. पुढे गेंद आणि दवबिंदू, मग ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी झाक. सीतेच्या आसवांचे कीटक पकडणारे सापळे जमिनीखाली, ओल्या मातीत असतात. पाण्याने वाहून आलेलं एखादं रोप ट्रेमध्ये धुऊन भिंगाखाली धरलं की फुगे दिसतात. उपटू नका. एकच सडा दर १५ दिवसांनी, त्याच वाटेने बघावा. पाच वेगवेगळे सडे एकदाच बघून फुलांची यादी होते, क्रम कळत नाही. बहुतेक सडे खाजगी मालकीचे आहेत, म्हणून आधी विचारा. कातळशिल्पं लागली तर त्यांच्यावरून चालू नका, ओल्या बुटांनी तर नाहीच. देवराईत चप्पल बाहेर, आणि पडलेली काटकीही उचलायची नाही.

वनस्पती दाबून ठेवायच्या असतील तर कोकणच्या दमटपणात रद्दी पेपर पहिले चार दिवस रोज बदला, भर पावसात दिवसातून दोनदा. नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी.

रात्रीच्या सहली दोनच पुरेत. मेअखेर काजवे, आणि फेब्रुवारी ते एप्रिल कासवांची पिल्लं. वेळासला गेलात तर कासवमित्र सांगतील तिथेच उभे राहा. टॉर्च आणि फ्लॅश बंद. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, आणि तो उजेड तुमचा असला तर समुद्राच्या उलट दिशेला. घरट्याची नेमकी जागा अॅपवर टाकू नका.

सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, हे सहलीच्या आदल्या संध्याकाळी सांगा, त्याच सकाळी नको. कातळाच्या रंगात ते दिसत नाही. घोट्यावर येणारे बूट घाला, बसण्याआधी जागा बघा, कपारीत हात घालू नका. चावलं तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चावलेला भाग हलू न देता १०८ ला फोन करून रुग्णालयात न्यायचं. आपल्याकडची बहुगुणी प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालते, त्यामुळे ओळख पटवायला साप मारून नेण्यात वेळ घालवू नये. कोणत्या रुग्णालयात लस आहे हे निघण्याआधी फोनवर विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा पट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडीतून पसरतो. तिकडची जंगलसहल जानेवारी ते मेमध्ये ठेवू नये. जावंच लागलं तर पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यावर बसणं बंद. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि काखा, गुडघ्यामागचा भाग, कानामागे नीट तपासा. पुढच्या दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना लक्षणांच्या आधी तारीख आणि जंगलाचं नाव सांगा. दोन्ही वहीत असतीलच.