जुन्या डॅटसन झेडचा बंपर : अमेरिकी बाजाराचा की जपानी बाजाराचा, हे कसे ओळखावे

दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावी माझे डेंटिंगचे छोटे वर्कशॉप आहे आणि तेथे बहुतेक ट्रॅक्टर, जीप व मालवाहू गाड्यांचे काम येते. माझ्या आतेभावाने १९७१ सालची उजव्या स्टिअरिंगची डॅटसन २४०झेड (निस्सान कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार) घेतली, तेव्हा तिचा मागचा बंपर गंजून चाळणी झालेला होता. आम्ही केवळ छायाचित्र पाहून परदेशातून दुसरा बंपर मागवला. खोका उघडल्यावर दिसले की तो अमेरिकेत विकल्या गेलेल्या नंतरच्या २८०झेडचा आहे. त्याचे ब्रॅकेट आमच्या गाडीच्या एकाही भोकाशी जुळेना आणि विक्रेत्याने तो परत घेतला नाही. असा खर्च दुसऱ्या कोणाला सोसावा लागू नये, म्हणून ओळखीच्या खुणा येथे मांडत आहे.

हा फरक कसा पडला, हे आधी समजून घ्यावे. ही गाडी १९६९ मध्ये जपानात फेअरलेडी झेड या नावाने आली आणि अमेरिकेत डॅटसन २४०झेड म्हणून विकली गेली. सुरुवातीला दोन्हीकडचे बंपर क्रोमचे, बारीक आणि अंगाला चिकटलेले होते. मात्र १ सप्टेंबर १९७२ पासून बनणाऱ्या मोटारींसाठी अमेरिकेने असा नियम केला की, समोरून ताशी ५ मैल आणि मागून ताशी अडीच मैल वेगाची धडक बसली तरी दिवे, इंधनाची व्यवस्था असे सुरक्षिततेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत. पुढच्याच वर्षी मागची मर्यादाही ५ मैलांवर गेली. त्यामुळे अमेरिकेतील १९७३च्या गाड्यांचे बंपर थोडे बाहेर सरकले, १९७४च्या २६०झेडमध्ये वर्षाच्या मधोमध ते एकदम जाड झाले आणि १९७५च्या २८०झेडमध्येही तसेच राहिले. या जाड बंपरांच्या मागे धक्का शोषणारे हायड्रॉलिक दांडे असतात. जपानात हा नियम नव्हता, म्हणून तेथील फेअरलेडी झेडने १९७८पर्यंत बारीक बंपरच ठेवला. माझ्या मते या गाडीची खरी ठेवण त्या बारीक बंपरमध्येच दिसते.

तेव्हा भाग शोधण्यापूर्वी आपल्या गाडीचा चेसिस क्रमांक वाचावा. नुसते ‘एस३०’ असेल तर ती दोन लिटर इंजिनाची जपानी फेअरलेडी असते. त्याच्या आधी येणारे ‘एच’ हे अक्षर २.४ लिटरचे इंजिन दाखवते आणि ‘एल’ डावे स्टिअरिंग, म्हणून ‘एचएस३०’ म्हणजे उजव्या स्टिअरिंगची २.४ लिटरची गाडी आणि ‘एचएलएस३०’ म्हणजे डाव्या स्टिअरिंगची. येथे एक फसवी जागा आहे : अमेरिकेतील २८०झेडलाही ‘एचएलएस३०’ हीच अक्षरे होती, त्यामुळे उत्पादनाचे वर्ष पाहिल्याशिवाय अक्षरांवर विसंबू नये. डाव्या स्टिअरिंगच्या २६०झेडसाठी ‘आरएलएस३०’ असते.

त्यानंतर विक्रेत्याकडून बंपरच्या पुढच्या बाजूचे नव्हे, तर पाठीचे छायाचित्र मागवावे. ब्रॅकेट साध्या पट्टीचे आहे की गोल दांड्याचे, हे तेथेच कळते. दांड्याचे असेल तर तो भाग नंतरच्या अमेरिकी गाडीचा समजावा आणि बारीक बंपरच्या गाडीसाठी घेऊच नये. ओव्हररायडर, म्हणजे बंपरवरचे उभे ठोकळे, बसवण्याची भोके असलेले आणि नसलेले असे दोन्ही बंपर बाजारात मिळतात. आपल्या जुन्या बंपरला भोके असतील तरच भोकांचा घ्यावा, कारण क्रोम झालेल्या पत्र्याला नंतर भोक पाडले की गंज तेथूनच सुरू होतो. निस्सानचा सुटा भाग क्रमांक दोन तुकड्यांत असतो : पहिले पाच आकडे भागाचा प्रकार सांगतात आणि पुढची पाच अक्षरे कोणत्या गाडीसाठी व कोणत्या प्रकारासाठी हे सांगतात, म्हणून दुसरा तुकडाही जुळवून पाहावा. जपानातील २४०झेडजीचा लांब नाकाचा पुढचा भाग फार देखणा आहे, परंतु त्याने गाडीची लांबी ४,११५ वरून ४,३०५ मिलिमीटर होते. तो साध्या बंपरच्या जागी बसणारा भाग नव्हे.

भाग हाती आल्यावर चुंबक लावून पाहावे. क्रोमचा मूळ बंपर पोलादी पत्र्याचा असल्याने चुंबक घट्ट चिकटते. नव्याने बनवलेल्या स्टेनलेसच्या प्रतीला ते सहसा चिकटत नाही आणि तिची झाकही किंचित पिवळसर असते. पुन्हा क्रोम करायला देताना तांबे, निकल आणि मग क्रोम असे तिन्ही थर द्यायला सांगावे. शेवटचा थर मायक्रॉनच्या एका अंशाइतका पातळ असतो, म्हणून पोलादाचे रक्षण खालचे निकलच करते.

नंबर प्लेटचा विचार आधीच करावा. अमेरिकी प्लेट १२ बाय ६ इंच असते आणि जपानी ३३० बाय १६५ मिलिमीटर, तर आपल्याकडील मोटारीच्या प्लेट ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २०० मिलिमीटरच्या. आमच्या गाडीसाठी मी ३४० बाय २०० ची निवडली आणि बंपरला हात न लावता खालून स्वतंत्र पट्टी केली. ५० वर्षांवरील गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर २०२१च्या नियमांनुसार चेसिस, बॉडी व इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत, तेव्हा परक्या बंपरसाठी चेसिसवरचे ब्रॅकेट कापणे टाळावे.

बोल्टकडेही लक्ष असावे. जपानी गाड्यांच्या ८ मिलिमीटर बोल्टचे डोके १२ नंबरच्या पान्याचे असते, आपल्या हार्डवेअरच्या दुकानातील १३ नंबरचे. आटे सारखेच असल्याने ते चालतात. परंतु १० मिलिमीटरच्या जपानी बोल्टला सहसा १.२५ मिलिमीटर अंतराचे बारीक आटे असतात आणि दुकानात १.५ मिलिमीटरचे मिळतात. तो जोराने फिरवला की नटाचे आटे जातात. सर्व बोल्ट आधी सैल लावावेत, दोन्ही टोकांची फट सारखी करावी आणि मगच कसावेत.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला आहे. बोअरच्या पाण्याने गाडी धुतली की बंपरच्या पाठीमागे क्षार साचतात आणि आतून गंज चढतो. आतेभावाच्या घरी पहिल्याच पावसाळ्यापूर्वी नव्या ब्रॅकेटवर तांबूस डाग दिसू लागले होते. म्हणून बसवण्यापूर्वी पाठीला झिंकचा प्रायमर आणि त्यावर मेणाचा थर द्यावा, आणि धुण्यासाठी पावसाचे साठवलेले किंवा गोडे पाणी वापरून लगेच कोरड्या फडक्याने पाठही पुसून घ्यावी.