रिटायरमेंट आणि पैशांचे इंग्लिश फ्रेजल व्हर्ब्स: या चुका टाळा

यादी पाठ करून हे फ्रेजल व्हर्ब्स, म्हणजे क्रियापदाला ऑफ, आऊट असा छोटा शब्द जोडून होणारे शब्दप्रयोग, डोक्यात राहत नाहीत, कारण एकाच 'पे'ला कधी ऑफ लागतं, कधी आऊट, कधी इनटू, आणि दर वेळी पैसा वेगळ्याच दिशेने जातो. त्यापेक्षा दोनच गोष्टी बघायच्या: पैसा कुणाकडून कुणाकडे चाललाय, आणि माणूस स्वतःहून बाहेर पडलाय की त्याला काढलंय.

सगळ्यात लाजिरवाणी चूक म्हणजे 'माय फादर वॉज पेन्शन्ड ऑफ लास्ट इयर'. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की वडील पेन्शनवर गेले, पण वाचणाऱ्याला कळतं की वय झालं किंवा आता गरज उरली नाही म्हणून त्यांना पेन्शन देऊन घरी बसवलं. जुन्या मोडक्या मशीनलाही हाच शब्द वापरतात, आता बोला! सरळ 'माय फादर रिटायर्ड लास्ट इयर' लिहा, तिथे फ्रेजल व्हर्बची गरजच नाहीये. 'लेड ऑफ'सुद्धा रिटायरमेंट नाही, ती नोकरकपात. काम नाही किंवा कंपनीकडे पैसे नाहीत म्हणून कमी केलं, त्यात माणसाची चूक असेलच असं नाही. 'स्टेप डाऊन' म्हणजे पद सोडणं, आणि पद सोडलेला माणूस त्याच कंपनीत सल्लागार म्हणून बसलेला असू शकतो, त्यामुळे बातमीत हे वाचून लगेच 'रिटायर झाले' असं ठरवू नका.

हळूहळू काम कमी करत रिटायरमेंटकडे जाणं म्हणजे 'वाइंड डाऊन'. उच्चार वाइंड, विंड नाही, विंड म्हणजे वारा. इथे डाऊनच्या जागी अप आलं की धंदा गुंडाळला, आणि पुढे माणूस आला तर ब्रिटिश बोलण्यात त्याची फिरकी घेतली.

आता 'पे', खरी गंमत इथे आहे. नोकरीत असताना तुम्ही फंडात 'पे इन' करता, नंतर फंड तुम्हाला 'पे आऊट' करतो, म्हणून 'आय पे आऊट माय पेन्शन एव्हरी मंथ' हे उलटं झालं. 'पे ऑफ' म्हणजे कर्ज पूर्ण फेडून मोकळं होणं, म्हणून एका हप्त्याला पे ऑफ लावू नका, नुसतं पेड पुरतं. पुढे काहीच नसेल, 'द प्लॅन पेड ऑफ', तर प्लॅन फळाला आला. पण पुढे माणूस आला की जपून! मॅनेजरकडून उसने घेतलेले पैसे परत केलेत आणि लिहिलंत 'आय पेड ऑफ द मॅनेजर', तर वाचणारा समजेल तुम्ही तोंड बंद ठेवायला मॅनेजरला पैसे चारले. बरोबर वाक्य 'आय पेड द मॅनेजर बॅक'.

'टेक आऊट'ला मात्र मराठी कामी येते. आपण कर्ज काढतो, पॉलिसी काढतो, बँकेतून पैसेही काढतो, आणि इंग्लिशमध्ये तिन्ही ठिकाणी टेक आऊटच. म्हणजे 'शी टुक आऊट अ पेन्शन प्लॅन' वाचून प्लॅन मोडला असं समजू नका, तिने तो सुरू केलाय. पॉलिसी मुदतीआधी मोडून पैसे घेतले तर 'कॅश इन', त्याला शेवटी ऑन चिकटलं की एखाद्या परिस्थितीचा फायदा उठवणं.

'लिव्ह ऑन हर पेन्शन' म्हणजे पेन्शनवर भागवणं. 'लिव्ह ऑफ' बचतीला किंवा व्याजाला चालतं, पण 'शी लिव्ह्ज ऑफ हर सन' म्हणजे ती मुलाच्या जिवावर बसून खाते. आईबद्दल लिहिताय, बघा बुवा. तसंच 'डिप इनटू' तुम्ही करता, गरजेपुरते थोडे काढता, तर 'ईट इनटू' महागाई किंवा औषधांचा खर्च करतो, तुमची बचत तुमच्या नकळत कुरतडतो. 'केम इनटू मनी' म्हणजे बहुतेक वेळा वारसाने पैसा मिळाला, रिटायरमेंटची रक्कम त्यात येत नाही. बाजूला ठेवायचं असेल तर 'सेट असाइड' किंवा 'पुट बाय'. 'पुट ऑफ' लिहिलंत तर पुढे ढकललं.

'ड्रॉडाऊन' बघितल्यावर आधी लेख कशाबद्दल आहे ते बघा. ब्रिटिश पेन्शनवर असेल तर फंडातून थोडे थोडे काढत राहणं, शेअर्सवर असेल तर शिखरापासून झालेली घसरण. अमेरिकेच्या लेखात 'रोल ओव्हर' म्हणजे जुन्या रिटायरमेंट खात्यातला पैसा दुसऱ्या खात्यात नेणं, आणि कर्जाच्या बाबतीत तेच म्हणजे मुदत संपली तरी न फेडता पुढे ओढणं.

'इट' कुठे ठेवायचं यावरही बरेच अडकतात. 'पे इट ऑफ', 'सेट इट असाइड' यात इट मध्ये येतं, 'पे ऑफ इट' चुकीचं. 'लिव्ह ऑन इट', 'डिप इनटू इट' यात शेवटी. आणि पेआऊट, लेऑफ हे नाम असताना जोडून लिहायचे, क्रियापद असताना तोडून, स्पेलचेक हे नेहमी पकडेलच असं नाही.