बूट होताना चित्र दिसत नाही? आधी ते कोण काढतं ते शोधा

सिस्टिम ॲडमिनच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी पहिला सराव स्प्लॅश स्क्रीनचाच देतो. लिनक्स मशीन सुरू होताना पडद्यावर येणारं चित्र बदलायचं, आणि नाही आलं तर का नाही आलं ते शोधायचं. काहींना हे शोभेचं काम वाटतं. पण यात चित्र दिसलं नाही म्हणून कुणाचा डेटा जात नाही, आणि शोधता शोधता ग्रब (काय सुरू करायचं त्याचा मेनू दाखवून कर्नल मेमरीत आणणारा प्रोग्राम), कर्नल (लिनक्सचा गाभा), इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम), ग्राफिक्स ड्रायव्हर या सगळ्यांशी गाठ पडते. ‘पॉवरचं बटण दाबल्यापासून लॉगिन येईपर्यंत काय काय घडतं?’ हा मुलाखतीतला नेहमीचा प्रश्न. हा सराव नीट केलेल्या माणसाला त्याचं उत्तर पाठ करावं लागत नाही.

सराव व्हर्च्युअल मशीनवर करा आणि सुरू करण्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची आहे त्या स्थितीतली नोंद, घ्या. स्वतःच्या लॅपटॉपवरच करायचा असेल तर लाइव्ह यूएसबी (ज्यावरून थेट लिनक्स सुरू होतं असा पेनड्राइव्ह) हाताशी हवा.

सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवायची: जे चित्र गायब आहे ते कोणाचं? मेनूमागचं चित्र ग्रब काढतो, त्या वेळी कर्नल मेमरीत आलेलाही नसतो. मेनू गेल्यावर लोगो आणि फिरणारं चक्र दिसतं, ते प्लिमथचं काम. प्लिमथ फेडोरा या लिनक्स वितरणाच्या १० व्या आवृत्तीत, २००८ साली, आरएचजीबी या जुन्या स्प्लॅश प्रोग्रामच्या जागी आलं. उबुंटू या दुसऱ्या वितरणाने ते १०.०४ पासून घेतलं. ग्रब आणि प्लिमथ, दोघांच्या फायली वेगळ्या, थीम वेगळ्या, बिघडण्याची कारणंही वेगळी. मुलं प्लिमथची थीम बदलतात आणि ग्रबचा मेनू अजून काळाच का म्हणून अर्धा दिवस घालवतात, तो इथेच. लॅपटॉप कंपनीचा लोगो शेवटपर्यंत दिसत राहिला म्हणजे प्लिमथ चाललंच नाही, असंही समजू नका. बीजीआरटी नावाची थीम तोच लोगो फर्मवेअरकडून (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामकडून) घेऊन त्याखाली चक्र फिरवते.

आता ग्रबकडे. जुन्या लेखांत ६४० बाय ४८० ची, १४ रंगांची एक्सपीएम (चित्राचा एक जुना प्रकार) फाइल बनवायला सांगतात. ते पहिल्या पिढीच्या ग्रबचं. लेखात मेनू डॉट एलएसटी या जुन्या ग्रबच्या फाइलीचं नाव दिसलं की तो लेख बंद करा. आजच्या ग्रबमध्ये इटीसी-डिफॉल्टमधल्या ग्रब फाइलीत ‘ग्रब_बॅकग्राउंड’ या ओळीत चित्राचा पूर्ण पत्ता द्यायचा आणि डेबियन-उबुंटूवर अपडेट-ग्रब चालवायचं. ते चालताना ‘फाउंड बॅकग्राउंड इमेज’ अशी ओळ येते का बघा. नाही आली तर रीबूट करण्यात अर्थ नाही, पत्ता किंवा नाव चुकलंय. त्याच फाइलीत ‘ग्रब_टर्मिनल’ला कन्सोल दिलेलं असेल तर ग्राफिक्स मुळातच बंद असतं. मग चित्र कितीही चांगलं असू द्या.

ओळ आली आणि तरी मेनू काळाच, तर चित्राच्या फाइलीवर ‘फाइल’ ही कमांड चालवा. हे मी प्रत्येकाला स्वतः करायला लावतो. जेपेग असेल तर उत्तरात ‘बेसलाइन’ हवं. ‘प्रोग्रेसिव्ह’ आलं तर ग्रबला ते वाचता येत नाही. पीएनजी असेल तर ‘नॉन-इंटरलेस्ड’ हवं. डेस्कटॉपवर ही सगळी चित्रं सारखीच सुंदर उघडतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. नाव पीएनजी आणि आत जेपेग, असंही पुष्कळ सापडतं. ग्रब कोणता वाचक वापरायचा ते फाइलीच्या नावाच्या शेपटीवरून ठरवतो, त्यामुळे तिथे अडतं. गिम्प या चित्र-संपादकात उघडून साध्या आरजीबी पीएनजीत पुन्हा एक्स्पोर्ट केलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर आणखी एक पेच. होम फोल्डरातलं चित्र कुलूपबंद भागात असतं आणि मेनू दिसतो तेव्हा ते कुलूप उघडलेलं नसतं. चित्र बूट-ग्रब फोल्डरात ठेवा.

दर वेळी रीबूट करून अंदाज बांधत बसू नका. मेनूवर ‘सी’ दाबलं की ग्रबचा प्रॉम्प्ट मिळतो. तिथे ‘व्हिडिओइन्फो’ लिहिलं की पडदा कोणती रेझोल्यूशन्स घेतो ते कळतं. ‘ग्रब_जीएफएक्समोड’मध्ये त्यातलंच एक द्यायचं. त्याच प्रॉम्प्टवर ‘बॅकग्राउंड_इमेज’ आणि पुढे चित्राचा पत्ता दिला, तर चित्र तरी लागतं किंवा नेमकी एरर समोर येते. ती एरर वहीत उतरवून घ्या.

प्लिमथसाठी कर्नलच्या ओळीत डेबियन-उबुंटूवर ‘क्वाएट स्प्लॅश’ आणि फेडोरावर ‘आरएचजीबी क्वाएट’ असावं लागतं. मेनूवर ‘ई’ दाबून ती ओळ तिथल्या तिथे पाहता येते. त्यात ‘नोमोडसेट’ राहून गेलं असेल तर कर्नलचा ग्राफिक्स ड्रायव्हर पडद्याची सूत्रं घेतच नाही. इन्स्टॉल करताना घातलेला हा शब्द लोक काढायला विसरतात. थीम बदलल्यावर इनिटरामएफएस पुन्हा बांधावं लागतं, कारण प्लिमथ तिथूनच सुरू होतं: डेबियनकडे अपडेट-इनिटरामएफएस, फेडोराकडे ड्रॅकट. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर असेल आणि चित्राऐवजी नुसता मजकूर येत असेल, तर एनव्हिडिया-डीआरएम या त्याच्या कर्नल मॉड्यूलचं मोडसेट १ आहे का ते आधी तपासा.

एन्क्रिप्टेड लॅपटॉपवर हा विषय शोभेचा उरत नाही. पासवर्डची चौकट प्लिमथच काढतं. ती उमटली नाही तर माणसाला नुसता काळा पडदा दिसतो, मशीन मेलं असं वाटतं, आणि मशीन मात्र पासवर्डची वाट बघत असतं. अशा वेळी बटण दाबून बंद करण्याआधी एस्केप दाबा. मजकुरी पडदा येतो आणि पासवर्ड मागितलेला दिसतो. हेल्पडेस्कवर काम करणाऱ्याला हे माहीत असलंच पाहिजे. समोरच्या माणसाचं सगळं काम त्या लॅपटॉपमध्ये असतं.

एवढं करूनही कारण सापडलं नाही तर कर्नलच्या ओळीत ‘प्लिमथ डॉट डीबग’ जोडून एकदा बूट करा आणि व्हार-लॉगमधली प्लिमथ-डीबगची फाइल उघडा. ड्रायव्हर कधी सापडला, थीम कोणती उचलली, हे तिथे क्रमाने लिहिलेलं असतं. पहिल्यांदा वाचताना निम्मं कळणार नाही. ज्या मशीनवर चित्र नीट दिसतं तिथलंही लॉग काढा, दोन्ही शेजारी ठेवा, आणि जिथून ती वेगळी होतात तिथून वाचायला लागा.