गोधडीवर उतरलेला रंग काढायला बसण्याआधी

नवरात्राआधीच्या आवराआवरीत आजीच्या गोधडीतल्या लाल ठिगळाचा रंग शेजारच्या पांढऱ्या लुगड्यावर उतरला. तो काढायला गेले आणि जो कोपरा स्वच्छ होता, तोही गुलाबी करून बसले. यंदा तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर आधी एवढं जमवा.

डाग पडलेली गोधडी उन्हात टाकू नका, इस्त्री तर नकोच. ओलीच राहू द्या, कारण वाळली की रंग धाग्यात घट्ट बसतो. ठिगळांत येवल्याच्या जुन्या पैठणीचा तुकडा असेल तर इथेच थांबा. रेशमाला कढत पाणी चालत नाही, पुढचं सगळं सुती गोधडीसाठी आहे.

मोठं पिंप किंवा टब हवा. बादलीत होणार नाही, उगाच प्रयत्न करू नका. सुटलेला रंग पातळ व्हायला भरपूर पाणी लागतं. पाणी नळाचं घ्या, बोअरच्या जड पाण्यात साबण नीट काम करत नाही. दुपारी सोलरचं पाणी चांगलं तापलेलं असतं, ते घ्या. साधारण ६० अंश हवं, म्हणजे हात घालवणार नाही इतकं. रबरी हातमोजे ठेवा. भांड्यांचा लिक्विड साबण अर्धी वाटी, तो सुटलेला रंग पाण्यातच धरून ठेवतो. ब्लीच नको. मीठही नको! रंग पक्का होतो म्हणून शेजारपाजारच्या सगळ्या मीठ सुचवतील, पण रंगारी मीठ घालतात ते रंग कापडात शिरावा म्हणून. आपल्याला तो बाहेर काढायचाय.

आता वजन. हेच मी विसरले होते. गोधडीत हवा अडकते, ती फुगून वर येते. रात्रभरात माझा एक कोपरा पाण्याबाहेर राहिला. दिव्याची वात तेल ओढते तसं त्या कोपऱ्यानं रंगीत पाणी वर ओढलं. पाणी उडून गेलं, रंग तिथेच साचला. म्हणून स्टीलची ताटं उपडी ठेवा, वर पाण्यानं भरलेल्या बाटल्या. आधी दाबून हवा काढा, मग वजन ठेवा. झोपण्याआधी उठून बघा, कोपरा वर आलाय का. पहाटे पुन्हा बघा. चार बोटं पाणी गोधडीच्या वर दिसलंच पाहिजे, चारही कोपऱ्यांवर.

बारा तास ठेवा. पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन पाहा, रंग दिसला तर पाणी बदलून पुन्हा भिजवा. मला तीनदा करावं लागलं. प्रत्येक वेळी वजन पुन्हा ठेवायचं, दुसऱ्या खेपेलाच आळस होतो.

उचलताना कोपरा धरून ओढू नका, हातशिलाईचे धावदोरे तुटतात. खाली चादर घालून दोघांनी उचला. पिळू नका. पांढरं पांढरं दिसलं, की मगच सावलीत आडवी पसरा.