खाडीत चिंबोऱ्या धरायला छोटी होडी कशी सज्ज करावी

सहलीसाठी घेतलेली १८ फुटी फायबरची होडी चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांच्या, मागे लावायची ठरली, की माणूस आधी यूट्यूब उघडतो. तिथं कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरची मंडळी काठावर बसवलेल्या मोटरने सरसर पिंजरे वर घेताना दिसतात, आणि आपल्यालाही तसलं यंत्र हवंसं वाटायला लागतं. मलाही वाटलं होतं. पण ते लोक कोळंबीचे पिंजरे ६० ते १०० मीटर खोल सोडतात. एवढी ओली दोरी दिवसभर हाताने ओढली तर पाठ धरणारच. आपल्याकडे ठाण्याच्या खाडीत, नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळे, वाशीच्या बाजूला मुख्य धार सोडली तर ओहोटीला जेमतेम दोन-तीन मीटर पाणी उरतं. कोळंबीही इथं पिंजऱ्यात धरत नाहीत, ती बोक्षीच्या नाहीतर पागाच्या जाळ्यात येते. उरली चिंबोरी, आणि तिला मोटर लागत नाही. दोरी इंजिनाच्या पंख्यात जाणार नाही अशी मांडणी तेवढी लागते.

आधी कागद. हौसेच्या होडीची नोंदणी वेगळी आणि मासेमारीचा परवाना वेगळा. दुसऱ्यासाठी मत्स्यव्यवसाय विभागात जावं लागतं, कारण १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात होडी छोटी आहे म्हणून सूट मिळत नाही. इंजिनाच्या होडीला १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला पश्चिमेकडचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तेव्हा तिकडे फग (चिंबोऱ्या धरायचं कड्याचं जाळं) टाकायचा विचारच नको. शिवाय जेट्टीवर उतरण्याआधी कोळीवाड्यातल्या एखाद्या काकांना विचारून घ्या, कुठे कोणाची जाळी लागतात ते. परवाना खिशात असला तरी दुसऱ्याच्या जागेवर फग टाकायचा नसतो.

आता फग घ्यायचा की पिंजरा? फग म्हणजे दीड-दोन फूट व्यासाचं कडं, त्याला सैल जाळं आणि मधोमध बांधलेलं आमिष. तळावर तो पसरून पडतो आणि दोरी ओढली की त्याची झोळी होते. तो स्वस्त, एकात एक रचून ठेवता येतो, पण चिंबोरी खाऊन निघून जाऊ शकते, म्हणून १५-२० मिनिटांनी उचलावाच लागतो. पिंजऱ्यात शिरलेली सहसा बाहेर पडत नाही, तासभर विसरलात तरी चालतं. मात्र चार पिंजऱ्यांत छोटी होडी भरून जाते. सुरुवातीला सहा फग पुरे. आमिष म्हणून माशांची डोकी किंवा कोंबडीचे पाय तारेने घट्ट बांधा, सुतळी चिंबोरी कापते. वजन जपून लावा. आपला तळ गाळाचा आहे, जड दगड बांधलेला फग त्यात रुततो आणि उचलताना गाळासकट वर येतो. कड्यावर समान अंतरावर शिशाचे तीन-चार छोटे तुकडे बांधले की भागतं.

दोरीवर मात्र पैसे आणि डोकं दोन्ही खर्च करा. माझ्या पहिल्या खेपेला दुकानदाराने स्वस्त, चकचकीत, निळी दोरी गळ्यात मारली. ती पॉलिप्रॉपिलीनची होती, म्हणजे पाण्यावर तरंगणारी. ओहोटी लागली, दोरी सैल होऊन नागासारखी पाण्यावर पसरली आणि माझ्याच पंख्यात गुंडाळली. इंजिन बंद, होडी वाशी पुलाच्या खांबाच्या दिशेने वाहत चाललेली, आणि चाकू पुढच्या कप्प्यात डब्याखाली. त्या दिवसापासून चाकू इंजिनाशेजारी दोरीने बांधलेला असतो, आणि वल्ही पायाखाली नाही, हाताशी.

नायलॉनची दोरी बुडते, तीच घ्या. जाडी ८ मिलिमीटर, कारण बारीक दोरी तळहात कापते. लांबीचा हिशेब असा: ओहोटीला ३ मीटर पाणी, त्यावर उधाणाच्या भरतीचे साडेचार, झाले साडेसात, त्यात एक तृतीयांश भर घालून १० मीटर. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला, एवढं पाणी चढत नाही, मग उरलेली दोरी पाण्यात लोंबते. म्हणून बोयाच्या, म्हणजे दोरीच्या वरच्या टोकाला बांधलेल्या तरंगत्या खुणेच्या, खाली दीड-दोन मीटरवर एक छोटं शिसं बांधायचं, सैल दोरी सरळ खाली जाते. बोया ठसठशीत रंगाचा हवा. संध्याकाळच्या उन्हात पांढरा थर्माकोल शोधताना डोळ्यांना पाणी येतं.

होडीच्या काठावर काम थोडंच आहे. दोरी फायबरवर घासली की काठ झिजतो आणि दोरीही. एक इंची स्टीलच्या नळीवर पीव्हीसी पाइपचा सैल तुकडा चढवला की तो फिरता रूळ झाला. तुर्भ्याच्या एमआयडीसीतला कुठलाही फॅब्रिकेटर तो बनवून देईल, फक्त स्टील ३१६ प्रतीचं मागा. बोल्ट नुसत्या फायबरमध्ये आवळू नका, आतून प्लायवूडची जाड पट्टी द्या, नाहीतर रुतलेला फग ओढताना काठच फाटेल.

रूळ कुठल्या बाजूला? ठाण्याच्या खाडीत भरती उत्तरेकडे चढते. आपण प्रवाहाच्या तोंडावर, म्हणजे दक्षिणेकडे नाळ (होडीचं पुढचं टोक) करून बोयाजवळ जाणार. दुपारनंतर वारा पश्चिमेचा, म्हणजे उजवीकडून. वाऱ्याच्या बाजूने दोरी ओढली तर वारा होडीला दोरीपासून दूर ढकलतो, उलट बाजूने ओढली तर होडी दोरीवर चढते. म्हणून उजवी बाजू, आणि नाळ ते इंजिन या अंतराच्या मध्यावर. मागे इंजिनाजवळ उभं राहून ओढायचा मोह टाळा, अपघात तिथेच होतात. पनवेलच्या खाडीत प्रवाह आडवा असतो, तिथं नाळच वाऱ्यात येते आणि बाजूचं फारसं महत्त्व राहत नाही.

ओढताना एक जण इंजिनावर, एक रुळाशी. बोया हाताला लागला की आधी इंजिन न्यूट्रल, मग दोरी. सैल दोरी हळू गोळा करा, ताण आला की न थांबता एका दमात वर. मध्ये श्वास घ्यायला थांबलात की चिंबोरी काठावरून उतरून जाते. दोरी पायाशी न टाकता घमेल्यात पडू द्या. लाइफ जॅकेट दोघांच्या अंगात, डिकीत नव्हे.

दिवस निवडायला जुना हिशेब आजही उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊण म्हणजे सहा, तेव्हा भरती सहाच्या सुमाराला, खाडीत आत थोडी उशिराच, आणि ओहोटी बाराच्या आसपास. नवख्याला अष्टमीच बरी, भांगाचं पाणी संथ असतं. पाणी चढायला लागलं की कांदळवनातून येणाऱ्या छोट्या खाडीच्या तोंडाशी, वीसेक पावलांच्या अंतराने फग सोडा. चिंबोऱ्या चढत्या पाण्याबरोबर आत सरकतात, त्याच वाटेवर.

वर आलेली चिंबोरी मागून, वल्ह्यासारख्या पायांजवळ धरा आणि डेंगे सुतळीने बांधून टाका. पाण्याच्या बादलीत ठेवू नका, तिथला प्राणवायू संपून ती मरते. ओलं गोणपाट आणि सावली पुरे. पोटाखाली अंड्यांचा गुच्छ दिसला की तिला जागच्या जागी पाण्यात सोडा, आणि तळहाताएवढी नसलेलीही. लाखेची, म्हणजे पोटात गाभोळी असलेली, चिंबोरी घरी सगळ्यांना आवडते हे मला माहीत आहे, पण ती बाजारातून आणा.

घरी परतल्यावर दोरी गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळवा आणि बोयाचं टोक वर ठेवून घमेल्यात भरा, म्हणजे पुढच्या अष्टमीला गाठी सोडवत बसायला नको.